‘वाटणं’ वाटतं तितकं सोपं नाही!

मित्रहो, दचकू नका! कॉन्व्हेंटमधे शिकलेली मुलगी मराठी विभागात काय करतेय, हा प्रश्न तुमच्याआधी आमच्या संपादकांनाही पडला होता. शेवटी मला चार पानं मिळाली. आता ही पानं मला ‘अलॉट’ झाली, ‘अलोकेट’ झाली, की दुसऱ्या कोणाचा लेखच आला नाही म्हणून ‘डोल आउट’ झाली, ते संपादकच जाणे. मराठीत आपण तिन्हींना एकच म्हणू, पानं वाटली. इंग्रजीत मात्र त्या तीन शब्दांत माझी इज्जत तीन वेगवेगळ्या मजल्यांवर जाते. म्हणून म्हटलं, मिळालेल्या पानांत याच विषयावर लिहून टाकू.

आधी आपल्या मराठीची गंमत बघा. “आईने चटणी वाटली, मग ती शेजारी वाटली, आणि मग तिला वाटलं की मीठ जरा जास्तच पडलंय.” एका वाक्यात तीन वेळा ‘वाटणे’ आणि तीन अर्थ! पहिला पाट्यावरचा (हल्ली मिक्सरमधला), दुसरा लोकांना देण्याचा, तिसरा मनातला. ‘भागणे’चंही तेच. वीसला पाचने भागतो तेही भागणं आणि ‘एवढ्या पगारात भागत नाही’ तेही भागणं. आमच्या बाबांच्या तोंडी दुसरा अर्थ जास्त वेळा येतो.

पण म्हणून मराठीकडे शब्द कमी आहेत असं समजू नका हं. मराठी हे काम शेपटीकडून करते. पेढे ‘वाटून घेतले’ म्हणजे आपण चौघांनी आपसात खाल्ले. ‘वाटून दिले’ म्हणजे दुसऱ्यांना पोचवले. ‘वाटून टाकले’ म्हणजे घरात राहिले असते तर खराब झाले असते! घेणे, देणे आणि टाकणे, एवढ्या तीन शेपट्यांत कोणी, कोणाला आणि कोणत्या मनाने दिलं ते सगळं कळतं. इंग्रजीला अशा शेपट्या लावता येत नाहीत, त्यामुळे तिला दर वेळी क्रियापदच बदलावं लागतं. डिक्शनरीत डिव्हाइड, शेअर, स्प्लिट, डिस्ट्रिब्यूट, अलॉट अशी रांग उभी दिसते आणि सगळ्यांपुढे ‘वाटणे’ लिहिलेलं असतं. पाठ करून काही उपयोग नाही. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा, वाटणारा स्वतः त्या वाटणीत आहे की बाहेर आहे?

‘शेअर’मधे तो आत असतो. वसई रोड स्टेशनवरून पापडीकडे येणारी शेअर रिक्षा घ्या. पॅसेंजर रिक्षा शेअर करतात. रिक्षावाला शेअर करत नाही, तो चालवतो. तुम्ही केक शेअर केलात म्हणजे एक तुकडा तुमच्या पोटात गेला. केक ‘डिस्ट्रिब्यूट’ केलात तर कदाचित तुम्ही बिचारे उपाशीच राहिलात. शाळेत वाढदिवसाला नवीन फ्रॉक घालून सगळ्या वर्गात चॉकलेट्स द्यायची पद्धत होती, आठवतं? त्याला आम्ही सगळ्या ‘डिस्ट्रिब्यूटिंग स्वीट्स’ म्हणायचो. भारतात ते चालतं, सगळ्यांना कळतं. पण इंग्लंडमधल्या माणसाला ते जरा ट्रक भरून आल्यासारखं वाटेल. पूरग्रस्तांना धान्य, दारोदार पत्रकं, दुकानांना पेपर, असलं सगळं डिस्ट्रिब्यूट होतं. वर्गातल्या चाळीस चॉकलेटांना तो साधं ‘हँड आउट’ किंवा ‘गिव्ह आउट’ म्हणेल.

आणि हो, ‘शेअर मी द नोट्स’ हे वाक्य सबमिशनच्या आठवड्यात रोज ऐकू येतं. ‘गिव्ह मी’, ‘सेंड मी’ चालतं, पण ‘शेअर मी’ चालत नाही. ‘शेअर द नोट्स विथ मी’ म्हणा. त्या ‘विथ’मधेच गोम आहे, कारण शेअर केल्यावर देणाऱ्याकडेही वस्तू राहते. नोट्सच्या बाबतीत निदान तशी आशा असते. ‘डिस्ट्रिब्यूट’लाही असं थेट माणूस चिकटत नाही, त्याला ‘टु’ किंवा ‘अमंग’ लागतो. ‘अलॉट’ला मात्र चिकटतो. ‘दे अलॉटेड हिम अ सीट’ बरोबर आहे.

आता हाच नियम आपल्या विषयांना लावून बघा, मजा येते. तीन बोल्ट मिळून एक लोड ‘शेअर’ करतात, कारण घेणारे तेच आहेत. बीमवरचा लोड ‘डिस्ट्रिब्यूट’ झालेला असतो, कारण तिथे आपण लोडच्या बाजूने बोलतोय. प्रसंग जवळजवळ एकच, पण वाक्य कोणाच्या बाजूने सुरू केलं त्यावर क्रियापद ठरतं. नोडपाशी आलेला करंट ‘डिव्हाइड’ होतो किंवा ‘स्प्लिट’ होतो. गाडीतला डिफरन्शियल इंजिनचा टॉर्क दोन चाकांत ‘स्प्लिट’ करतो. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलमधे वळणावर दोन्ही चाकांचा वेग वेगळा असतो, पण टॉर्क दोघांना जवळपास सारखाच जातो. म्हणून एक चाक चिखलात रुतून गरागरा फिरायला लागलं की दुसऱ्यालाही काही जोर मिळत नाही. समान वाटणीचा असाही तोटा असतो!

‘स्प्लिट’मधे चीर पडते. लाकूड स्प्लिट होतं, अणू स्प्लिट होतो (मराठीत आपण तो फोडतो). आपली डाळसुद्धा मुळात तीच. ‘दल’ म्हणजे फुटलेला अर्धा भाग, त्यावरून डाळ. परदेशातल्या दुकानात तूरडाळीच्या पाकिटावर ‘स्प्लिट पिजन पीज’ असं लिहिलेलं असतं. जून २००५ मधे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्प्लिट झालं आणि त्याच्या चार कंपन्या झाल्या. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि या तिघींच्या वर एक होल्डिंग कंपनी. मराठी नावं किती नेमकी आहेत बघा. जनरेट, ट्रान्समिट, डिस्ट्रिब्यूट ही आपल्या पॉवर सिस्टीम्सच्या पुस्तकातली तीन क्रियापदंच उचलून कंपन्यांची नावं केली आहेत. मंडळ फुटलं ते ‘विभाजन’, आणि ती कंपनी घरोघर वीज पोचवते ते ‘वितरण’. इथे मराठी अजिबात घोळ करत नाही.

आमचा जिल्हाही असाच फुटून झालेला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि आमची वसई ठाण्यातून पालघरमधे गेली. इंग्रजी पेपरांना अशा वेळी ‘बायफरकेट’ हा शब्द फार आवडतो. त्यात ‘फर्का’ म्हणजे लॅटिनमधला काटा, दोन दाती. म्हणजे बायफरकेट फक्त दोनच भागांत करता येतं. ‘बायफरकेटेड इनटू थ्री’ असं कोणी लिहिलं तर खुशाल हसा.

आता कॅन्टीनमधे चला. इथे इंग्रजी क्रियापदांचं जे काही आपण करून ठेवलंय ते ऑक्सफर्डवाल्यांना झेपणार नाही. ‘कटिंग’ म्हणजे अर्धा ग्लास चहा. कापला काय, तर चहा! सूप मागवताना ‘वन बाय टू’, म्हणजे अपूर्णांकच ऑर्डर करायचा. पैसे गोळा करायचे तर ‘कॉन्ट्री काढा’. आणि खिसा अगदीच रिकामा असेल तर ‘टीटीएमएम’, तुझं तू माझं मी. सरळ इंग्रजीत यातल्या शेवटच्या दोन्हीसाठी ‘स्प्लिट’ येतं. ‘लेट्स स्प्लिट द बिल’ म्हणजे बहुतेक वेळा सारखे भाग. ‘डिव्हाइड द बिल’ म्हटलं तरी चूक नाही, पण मग समोरचा कॅल्क्युलेटर काढून बसेल असा धाक वाटतो. पत्ते खेळताना मात्र ‘डिस्ट्रिब्यूट कर’ म्हणू नका. पत्ते पिसणं ते ‘शफल’ आणि वाटणं ते ‘डील’. ‘डील’चा जुना अर्थच मुळी वाटा. ‘डोल’ हा त्याचाच भाऊ, पण त्याचे दिवस फिरले. ‘डोल आउट’ म्हणजे थोडं थोडं, वरून, उपकार केल्यासारखं देणं. (म्हणून सुरुवातीला संपादकांना टोमणा!)

कॅन्टीनमधून एम-थ्रीच्या लेक्चरला जाऊ या, कारण खरी पडझड तिथे होते. ‘डिव्हाइड’च्या मागे कुठला छोटा शब्द येतो त्यावर उत्तर बदलतं. वीसला ‘डिव्हाइड इन हाफ’ केलं तर दहा. ‘डिव्हाइड बाय हाफ’ केलं तर चाळीस! कारण अर्ध्याने भागणं म्हणजे दोनने गुणणं. बोलताना आपण सर्रास दुसरं बोलतो आणि पहिलं समजतो.

‘इनटू’ तर त्याहून डेंजर. ‘डिव्हाइड ट्वेन्टी इनटू फाइव्ह पार्ट्स’ म्हणजे विसाचे पाच भाग, उत्तर चार. ‘डिव्हाइड फाइव्ह इनटू ट्वेन्टी’ म्हणजे विसात पाच किती वेळा बसतात, उत्तर पुन्हा चारच. आकडे उलटे झाले तरी भागाकार तोच! पहिल्यात भाज्य आधी, दुसऱ्यात भाजक आधी. आणि या सगळ्याच्या वर आपण भारतीय. आपल्याकडे लहानपणापासून ‘फाइव्ह इनटू ट्वेन्टी’ म्हणजे पाच गुणिले वीस, उत्तर शंभर. इंग्लंडमधल्या शाळेत ‘फाइव्ह इनटू ट्वेन्टी’ विचारलं तर पोरगं चार म्हणेल. तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि उत्तरात पंचवीस पट फरक. पुढे कोणी बाहेर शिकायला गेलात किंवा फोनवर परदेशी क्लायंटला आकडे सांगायची वेळ आली, तर गुणाकाराला ‘टाइम्स’ किंवा ‘मल्टिप्लाइड बाय’ म्हणा आणि भागाकाराला ‘डिव्हाइडेड बाय’. ‘इनटू’ला त्या दिवशी घरीच ठेवा.

मराठीत ही भानगड होतच नाही. ‘वीसला पाचने भागले.’ ‘ला’ लागला तो भाज्य, ‘ने’ लागला तो भाजक. वाक्य उलटं करा, ‘पाचने वीसला भागले’, तरी अर्थ तोच. गणिताचे हे मराठी शब्द मला दहावीनंतर शेजारच्या मुलांना शिकवताना कळले, आणि ‘भागिले’ हा शब्द मला ‘डिव्हाइडेड बाय’पेक्षा कितीतरी सुटसुटीत वाटला.

आता पुन्हा त्या अलॉट-अलोकेटकडे. आपण सगळे कॅप राउंडमधून आलेलो, त्यामुळे ‘अलॉटमेंट’ हा शब्द आपल्या काळजावर कोरलेला आहे. त्यात ‘लॉट’ आहे, म्हणजे चिठ्ठी टाकून आलेला वाटा. ‘लॉटरी’ही त्याच घरातली. विरारला बोळींजमधे म्हाडाची घरं आहेत. त्यांची आधी लॉटरी निघायची आणि मग अलॉटमेंट लेटर यायचं. म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द एकाच फायलीत! पुढे तिथली बरीच घरं विकली गेली नाहीत आणि ती ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीने द्यावी लागली. चिठ्ठी गेली, तरी अलॉट हा शब्द राहिलाच. कॅपमधेही चिठ्ठ्या नसतात, मेरिट असतं. (आपल्याला मिळालेली ब्रँच बघून चिठ्ठ्याच टाकल्या असाव्यात असं काहींना वाटतं, ते सोडा.) ‘अलोकेट’मधे ‘लोकेशन’वाली जागा आहे. एखाद्या कामासाठी जागा, पैसा किंवा वेळ राखून ठेवणं म्हणजे अलोकेट करणं. म्हणून कॉम्प्युटरमधे मेमरी अलोकेट होते, अलॉट होत नाही. सी लँग्वेजमधल्या ‘मॅलॉक’चं पूर्ण नाव मेमरी अलोकेशन. काम झालं की ‘फ्री’ करून परत द्यायची. अलॉट झालेलं घर कोणी असं परत मागितलं तर मोर्चा निघेल! ढोबळ मानाने, माणसाच्या पदरात पडतं ते अलॉट आणि कामाच्या नावाने बाजूला ठेवतात ते अलोकेट. उरलेलं ‘असाइन’, म्हणजे कोणालाच नको असतं आणि तरी प्रत्येकाला मिळतं. आपल्या असाइनमेंट्स बघा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण या शब्दांवर कधी कधी जमीन हलते.

आमच्या आळीतल्या एका आजोबांनी मृत्युपत्र करायला घेतलं होतं. लग्न केलं नाही, आईवडील कधीच गेले. एक धाकटी बहीण आहे. थोरला भाऊ वारला, त्याची तीन मुलं. नावावर वाडी सोळा गुंठे. कोणीतरी त्यांना इंग्रजीत मसुदा टाइप करून दिला होता. तो घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “पोरी, तू कॉन्व्हेंटची. जरा वाचून सांग, काय लिवलंय ते.” त्यात मुख्य वाक्य एकच होतं. वाडी ‘शॅल बी डिव्हाइडेड इक्वली बिट्वीन माय सिस्टर अँड द चिल्ड्रन ऑफ माय लेट ब्रदर’.

वाचलं तर सरळ, साधं, व्याकरणशुद्ध वाक्य. आता सांगा, बहिणीला किती?

एक हिशेब असा. वाटणी दोन बाजूंत, एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला भावाची मुलं. मग बहिणीला आठ गुंठे आणि उरलेल्या आठात तिघं. दुसरा हिशेब डोकी मोजायचा. बहीण एक, मुलं तीन, एकूण चार, प्रत्येकी चार गुंठे. ‘इक्वली’ दोन्हीकडे खरं आहे! एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचा फरक म्हणजे ४,३५६ चौरस फूट. वसईत जमिनीचे भाव काय आहेत ते तुम्हाला सांगायला नको. वकील लोक पहिल्या पद्धतीला ‘पर स्टर्पीस’ म्हणतात, म्हणजे शाखेप्रमाणे, आणि दुसरीला ‘पर कॅपिटा’, म्हणजे डोक्याप्रमाणे. अशा वाक्यांवरून कोर्टात भांडणं होतात.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, दोघांत ‘बिट्वीन’ आणि जास्त असतील तर ‘अमंग’. तो नियम धरला तर ‘बिट्वीन’ लिहिलंय म्हणजे दोनच बाजू, बहिणीला अर्धी. पण हा नियम तेवढा पक्का नाही हो! ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरीच सांगते की ‘बिट्वीन’ अगदी सुरुवातीपासून दोनपेक्षा जास्तांसाठीही वापरला जातोय. प्रत्येक जण वेगळा वेगळा मोजायचा असेल तर चार देशांतला करारसुद्धा ‘बिट्वीन’च असतो. म्हणजे त्या एका शब्दावर भरवसा ठेवून आठ गुंठे ठरवता येणार नाहीत.

सगळ्यात गंमत पुढेच आहे. आजोबा ख्रिस्ती. मृत्युपत्र नसेल तर त्यांच्यासाठी १९२५ चा इंडियन सक्सेशन अॅक्ट लागतो. त्याच्या ४७व्या कलमात नेमका असाच प्रसंग आहे. मूलबाळ नाही, आईवडील नाहीत, भाऊ-बहिणी आहेत आणि गेलेल्या भावाची मुलं आहेत. तिथेही वाटणी समानच सांगितली आहे, पण कायदा लिहिणाऱ्याने पुढे एक शेपूट जोडलंय, की मुलांना मिळून तेवढंच मिळेल जेवढं त्यांच्या आईबापाला मिळालं असतं. म्हणजे आजोबांनी काहीच लिहिलं नसतं तर बहिणीचे आठ गुंठे पक्के होते. मसुद्यातल्या वाक्याला ते शेपूट नसल्यामुळे ते चारही होऊ शकत होते.

त्या कायद्यात या सगळ्या प्रकरणाला ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हटलंय, ‘पार्टिशन’ नाही. तेही योग्यच. पार्टिशन म्हणजे आधी एकत्र असलेल्याचे भाग पाडणं, जसं हिंदू एकत्र कुटुंबात होतं (तिथे २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मापासून बरोबरीच्या वाटेकरी झाल्या). आपण हार्ड डिस्कचं करतो तेही तेच. मराठीत देशाची होते ती फाळणी आणि घराची होते ती वाटणी. आजोबांची वाडी त्यांच्या एकट्याची होती. तिची फाळणी नाही, वाटणी तरी कसली म्हणायची? ते वाटून देणार होते.

मी आजोबांना विचारलं, “आजोबा, आत्याला किती द्यायची आहे तुम्हाला?” ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “अर्धी. तिनेच माझं सगळं केलं. पोरांना अर्धी, त्यांनी आपसात वाटून घ्यावी. तेच लिवलंय ना?”

मी दोन्ही हिशेब कागदावर मांडून दाखवले. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. मग मसुदा वकिलाकडे परत गेला आणि ‘डिव्हाइड’, ‘इक्वली’, ‘बिट्वीन’ तिन्ही शब्द बाहेर काढले गेले. नवीन वाक्य असं झालं, ‘वन हाफ टु माय सिस्टर, अँड द अदर हाफ टु द थ्री चिल्ड्रन ऑफ माय लेट ब्रदर इन इक्वल शेअर्स’. आठ गुंठे आत्याला. उरलेले आठ तिघांत, म्हणजे प्रत्येकी २,९०४ चौरस फूट. हा भागाकार मात्र निःशेष गेला.